जहाज सिंगापूरला एक दिवस थांबतं तेव्हा: लहान मुलांना घेऊन युनिव्हर्सल स्टुडिओज

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सिंगापूर, सकाळी ७ ते संध्याकाळी ६’ असं वाचलं की अकरा तास हाताशी आहेत असं वाटतं. तसे ते नसतात. जहाज ७ वाजता धक्क्याला लागतं, पण स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी मिळून प्रवाशांना उतरू देईपर्यंत ८ होतात. मुलांची शी-शू, नाश्ता आणि लिफ्टची रांग उरकून तुम्ही धक्क्यावर येता साडेआठला. इमिग्रेशनमधून बाहेर पडता सव्वानऊ-साडेनऊला, आणि सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या पार्कच्या दारात पोचता १० च्या आसपास. परतीचंही असंच आहे. जहाज ६ ला सुटणार असेल तर सगळ्यांनी परत चढायची वेळ बहुधा ५ किंवा साडेपाच असते. लहान मुलं बरोबर असताना टर्मिनलवर ४ वाजता पोचायचं, म्हणजे पार्कमधून सव्वातीनला निघायचं. मधले सव्वापाच तास तुमचे. त्यातून जेवण, डायपर बदलणं आणि एखादा रडण्याचा कार्यक्रम वजा केला की उरतात चार. दिवसाची आखणी या चार तासांची करा, अकरांची नको.

म्हणून पहिला निर्णय घरी बसूनच घेता येतो. जहाजाचा मुक्काम आठ तासांहून कमी असेल तर या पार्कचं तिकीट काढू नका. पैसे पूर्ण जातात आणि मुलांच्या वाट्याला दोन राइड्स येतात. तशा दिवशी सेंटोसावरच असलेलं सिंगापूर ओशनेरियम जास्त चांगलं. जुन्या मत्स्यालयाच्या जागी जुलै २०२५ मध्ये ते नव्याने, बरंच मोठं होऊन उघडलं. सगळं छताखाली आहे, थंड आहे, उंचीची अट नाही आणि दोन-अडीच तासांत समाधानाने पाहून होतं.

जहाज कुठे लागणार, हे आधी बघा

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत आणि दोन्हीचं गणित वेगळं आहे. हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर सेंटोसाच्या अगदी समोर आहे. मरिना बे क्रूझ सेंटर २०१२ साली सुरू झालं. ते शहराच्या दक्षिण टोकाला, भराव घातलेल्या जमिनीवर आहे. हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून सेंटोसाची केबल कार जाते, त्यामुळे पाण्यापासून ५२ मीटरपेक्षा उंच जहाज तिथे घेता येत नाही. आजची बहुतेक मोठी जहाजं याहून उंच असतात, म्हणून ती मरिना बेला लागतात. तुमच्या ई-तिकिटावर टर्मिनलचं नाव लिहिलेलं असतं, ते नीट वाचा.

हार्बरफ्रंटला उतरलात तर नशीबवान. टर्मिनलमधून छताखालूनच शेजारच्या व्हिवोसिटी मॉलमध्ये जायचं, लिफ्टने तिसरा मजला गाठायचा, आणि तिथून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल घ्यायची. बेटावर जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर पडतात, येताना काही नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट फाटकावर टेकवलं तरी चालतं. पहिलंच स्टेशन ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड’, तिथे उतरायचं. उत्साहाच्या भरात पुढे बीच स्टेशनपर्यंत जाऊ नका. मोनोरेल नको असेल तर सेंटोसा बोर्डवॉक या लाकडी पादचारी पुलावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येतं. बराचसा भाग आच्छादलेला आहे, आणि मूल बाबागाडीत शांत बसलं असेल तर हाच रस्ता जास्त निवांत.

मरिना बेला उतरलात तर सकाळी सरळ टॅक्सी करा. मेट्रो आहे, पण मरिना साउथ पिअर स्टेशनपर्यंत चालत जायचं, लाल मार्गाने धोबी घाटला पोचायचं (हो, सिंगापूरच्या भर शहरातल्या स्टेशनचं नाव धोबी घाटच आहे), तिथे जांभळ्या मार्गाची गाडी पकडून हार्बरफ्रंटला उतरायचं, आणि मग वर मोनोरेल. बाबागाडी आणि दोन पिशव्या घेऊन यात पाऊण ते एक तास जातो. टॅक्सीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मीटरच्या भाड्यावर सेंटोसाचं वाहन-प्रवेशशुल्क आणि थोडा अधिभार चढतो. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ते साडेनऊ या गर्दीच्या वेळेत मीटर पंचवीस टक्के जास्त धावतो. तरीही चार जणांच्या कुटुंबाला टॅक्सी परवडते, कारण वाचलेला अर्धा तास पार्कमध्ये कामी येतो. साध्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर रांगेतल्या कर्मचाऱ्याकडे ‘मॅक्सी कॅब’ मागा.

एक नियम मात्र लक्षात ठेवा. सिंगापूरमध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाचं वेगळं आसन लागतं. छतावर पाटी असलेल्या नेहमीच्या टॅक्सीला यातून सूट आहे, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे ॲपवर साधी गाडी बोलावली तर चालक मुलांना बघून नकार देतो आणि रद्द केल्याचे पैसे तुम्हालाच पडतात. ॲपमध्ये टॅक्सीचा किंवा मुलांच्या आसनासह गाडीचा पर्याय निवडा, नाहीतर सरळ टॅक्सीच्या रांगेत उभे राहा.

कागद

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा सहसा आधी काढावा लागतो, अगदी सहा तासांसाठी उतरायचं असलं तरी. तान्ह्या बाळालाही वेगळा लागतो. ज्यांची क्रूझ सिंगापूरहूनच निघून मलेशिया किंवा थायलंड करून परत येते, त्यांचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे छापील कागदावर तपासा. जहाजात चढणं म्हणजे देश सोडणं, आणि परत उतरणं हा दुसरा प्रवेश धरला जातो. अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांत आई-वडील भारतीय पासपोर्टवर आणि मुलं तिथल्या पासपोर्टवर असं बऱ्याचदा असतं. मुलांना व्हिसा लागत नाही म्हणून आई-वडिलांचा राहून जातो, आणि मग सगळं कुटुंब जहाजावरच बसून राहू शकतं.

व्हिसाखेरीज एसजी अरायव्हल कार्ड हा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकाचा वेगळा भरायचा. पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत तो भरता येतो. तो पूर्णपणे फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. समुद्रात इंटरनेट महाग आणि संथ असतं, म्हणून आधीच्या बंदरात किनाऱ्यावरच्या वाय-फायवर भरून टाका आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात. तसं असेल तर आदल्या रात्री स्वागतकक्षातून परत घ्या, सकाळी तिथे झुंबड असते. इमिग्रेशनला सहा वर्षांच्या वरच्या परदेशी प्रवाशांचे ठसे, चेहरा वगैरे नोंदवून घेतात. मूल सहाच्या आतलं असेल तर स्वयंचलित फाटकाच्या रांगेत उभं राहू नका, माणूस बसलेल्या काउंटरकडे जा. चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहून शेवटी परत पाठवलं जाण्याचा प्रकार इथे रोज घडतो.

खसखस

खाऊच्या डब्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. आपल्याकडे ती कुठे कुठे असते ते आठवा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, लाडवात, पोह्यांच्या चिवड्यात, आणि गोड्या-काळ्या मसाल्याच्या पुडीत. दिवाळीच्या सुट्टीतली क्रूझ असेल तर आजीने प्रेमाने बांधून दिलेला अर्धा फराळ यात येतो. तो घरीच ठेवा. गुटखा, खायचा तंबाखू, च्युइंगगम आणि ई-सिगारेटही चालत नाहीत. जहाजावरच्या बुफेतली फळं, सँडविच, उकडलेली अंडी पिशवीत घालून उतरू नका. साधे खाकरे, बिस्किटं, राजगिऱ्याची वडी आणि बाळाचं तयार अन्न ठीक आहे.

पार्कमध्ये बाहेरचं जेवण नेता येत नाही. पाण्याची बाटली आणि बाळाचं खाणं चालतं. सिंगापूरचं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं, म्हणून रिकाम्या बाटल्या न्या आणि आत भरा.

जहाजाचं घड्याळ

थायलंड आणि व्हिएतनाम सिंगापूरच्या एक तास मागे आहेत. मलेशिया आणि सिंगापूर एकाच वेळेवर चालतात. फुकेतहून येत असाल तर आदल्या रात्री घड्याळ एक तास पुढे करायची सूचना केबिनमध्ये येते. पण काही जहाजं संपूर्ण प्रवासभर स्वतःचीच वेळ ठेवतात, आणि परत चढायची वेळ नेहमी जहाजाच्या वेळेनुसार असते. फोन यात फसवतो. जहाजावर तो एअरप्लेन मोडवर असतो (असायलाच हवा, नाहीतर जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडून बिल हजारांत जातं) म्हणून वेळ बदलत नाही, आणि किनाऱ्यावर नेटवर्क मिळालं की आपोआप बदलतो. एका मोठ्या माणसाच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. उतरताना दारातल्या फलकाचा फोटो काढा. त्यावर चढायची वेळ असते. बंदरातल्या एजंटचा नंबर रोजच्या पत्रिकेत छापलेला असतो, त्याचाही फोटो काढा. उशीर होतोय असं वाटलं तर पहिला फोन त्याला करायचा.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीतून गेलात आणि बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही. त्या हमीसाठी जहाज बरेच जास्त पैसे घेतं. शिवाय पन्नास जणांची बस भरण्यात सकाळची अर्धी मजा जाते. सेंटोसा बंदरापासून इतकं जवळ आहे, रस्तेही इतके भरवशाचे आहेत, की इथे स्वतः जाणंच शहाणपणाचं. बंदरापासून दोन तासांवरचा पार्क असता तर सल्ला उलटा असता.

सेंटिमीटरचा हिशोब

पार्कमध्ये वय विचारतात ते फक्त तिकिटाला. ४ वर्षांच्या आतलं मूल फुकट, ४ ते १२ मुलांचं तिकीट. आत गेल्यावर सगळा कारभार उंचीवर चालतो. निघण्यापूर्वी मुलाला भिंतीला टाच टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीने खूण करून मोजा. अंदाज नको. ९१ सेंटिमीटर आणि ९२ सेंटिमीटर यांत इथे निदान दोन राइड्सचा फरक पडतो, आणि दांडीखालून डोकं सहज गेलं की कर्मचारी हसून नाही म्हणतात. तिथे हुज्जत घालून काही होत नाही.

९२ सेंटिमीटरला कॅनॉपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेज उघडतात. १०० ला मांजराच्या नावाची, परीकथेतली झुलती गाडी, म्हणजे पुस इन बूट्स. १०२ ला ट्रान्सफॉर्मर्स. १०७ ला जुरासिक पार्कची पाण्यातली राइड. १२२ ला अंधारातली ममीची गाडी, आणि १२५ ला ते दोन मोठे समोरासमोर धावणारे रोलर कोस्टर. साधारणपणे पावणेतीन-तीन वर्षांचं मूल ९२ ला पोचतं, चार वर्षांचं १०२ च्या आसपास असतं, आणि १२२ गाठायला सात वर्षं उजाडतात.

उंची बसते म्हणून बसवायचंच असं नाही. ट्रान्सफॉर्मर्समध्ये अंधार, गडगडाट आणि अंगावर येणारे त्रिमितीय यंत्रमानव असतात. चार वर्षांचं मूल नियमात बसतं, पण बाहेर येऊन पुढचा तासभर प्रत्येक दाराला घाबरतं. चार तासांच्या दिवसात तो एक तास फार महाग पडतो. न्यूयॉर्क भागातल्या ‘लाइट्स, कॅमेरा, ॲक्शन’बद्दलही तेच. वादळ आणि आगीचा तो देखावा छान आहे, पण आवाज जबरदस्त. तीनच्या आतल्या मुलांना त्यात नेऊ नका.

९२ च्या खालच्या मुलांसाठी काहीच नाही असंही नाही. फार फार अवे या परीकथेच्या भागात मॅजिक पोशन स्पिन आहे, म्हणजे आपल्या जत्रेतला आकाशपाळणा बुटका करून घरात आणून ठेवलेला. लॉस्ट वर्ल्डमध्ये डायनोसोरिन आहे. डायनासोरच्या पाठीवर बसून गोल फिरायचं, खालीवर करायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनियन लँड उघडलं. त्यातल्या बगी बूगी आणि सिली स्विर्ली या दोन्ही छोट्यांना आवडतील अशा फिरत्या राइड्स आहेत. इजिप्तच्या भागात ट्रेझर हंटर्सच्या जुन्या जीपगाड्या संथपणे रुळावरून जातात. मोठं माणूस बरोबर असलं की छोट्यांनाही त्यात बसता येतं, आणि तान्ही बाळं तर त्यात झोपूनही जातात.

आत गेल्यावर कुठे वळायचं

पार्क एका तळ्याभोवती गोल मांडलेला आहे. दारातून हॉलीवूडमध्ये शिरलात की डावीकडे मिनियन लँड, पुढे फार फार अवे, मग लॉस्ट वर्ल्ड, इजिप्त, साय-फाय सिटी, न्यूयॉर्क, आणि परत हॉलीवूड. सकाळी मोठी मुलं आणि तरुण मंडळी उजवीकडे, साय-फाय सिटीच्या दिशेने धावत सुटतात. पुष्कळ कुटुंबं मिनियन लँडमध्येच थबकतात. म्हणून पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर डावीकडे वळा, मिनियन लँड न थांबता ओलांडा आणि थेट फार फार अवेच्या वाड्यापाशी जा. पार्क उघडल्यानंतरच्या पहिल्या पाऊण तासात एन्चँटेड एअरवेज, पुस इन बूट्स आणि मॅजिक पोशन स्पिन या तिन्ही उरकतात. अकरानंतर यांतल्या एकेकीलाच तेवढा वेळ लागतो.

तिथून लॉस्ट वर्ल्ड. कॅनॉपी फ्लायरची रांग लहान दिसली तरी फसू नका. एका वेळी मोजकीच माणसं टांगून नेणारी ती राइड आहे, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. फलकावर अर्ध्या तासापेक्षा जास्त दिसलं तर सोडून द्या. पाण्याच्या राइडमध्ये चिंब भिजायला होतं, ‘थोडंसं उडतं’ वगैरे काही नाही. गोल तराफा फिरत जातो, त्यामुळे कोण भिजणार हे सांगता येत नाही. बसायचंच असेल तर ती शेवटच्या तासाला ठेवा, कारण ओल्या बुटांत चालून मुलांच्या टाचा सोलवटतात. वॉटरवर्ल्ड या पाण्यावरच्या कसरतींच्या प्रयोगाला पुढच्या रांगा भिजण्यासाठीच राखलेल्या असतात. बाबागाडीतलं बाळ असेल तर मागे, सावलीत आणि जिन्याजवळ बसा.

एक मूल मोठ्या राइडच्या मापाचं आणि एक नाही, असं असेल तर चाइल्ड स्वॅप मागा. सगळे मिळून एकाच रांगेतून जायचं, आई मोठ्याला घेऊन बसते, बाबा धाकट्याला घेऊन आतच थांबतात, आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल होते. यात घोळ होतो तो एकाच जागी: रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. अर्धे जण बाहेर थांबले आणि नंतर सोय मागितली तर मिळत नाही.

एक्सप्रेस पासबद्दल सगळे विचारतात. १०२ सेंटिमीटरच्या खालची मुलं असतील तर तो घेऊ नका. ज्या मोठ्या राइड्सच्या रांगा तो वाचवतो, त्यांत तुम्ही बसणारच नाही. सात वर्षांवरची दोन मुलं, शाळांच्या सुट्टीचा हंगाम आणि चारच तास, असं असेल तर मात्र पैसे वसूल होतात.

तिकीट तारखेचं असतं. जहाजांची बंदरं हवामानामुळे क्वचित रद्द होतात, म्हणून महिनाभर आधी काढण्यापेक्षा आदल्या बंदरातून, दोन-तीन दिवस आधी काढलेलं बरं. फक्त जून आणि डिसेंबरच्या शाळांच्या सुट्ट्या, चिनी नववर्ष आणि दिवाळीचा आठवडा असेल तर इतकं ताणू नका. पार्क उघडण्याची वेळही दिवसागणिक बदलते. तुमच्या तारखेची वेळ ११ ची दिसली तर वरच्या सगळ्या हिशोबातला एक तास कमी करा.

ऊन, पाऊस, वीज

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. मुंबईतला मे महिना बारा महिने, असं समजा. साडेअकरा ते दोन ही वेळ उघड्यावर काढू नका, जेवण आणि छताखालच्या गोष्टी तेव्हा ठेवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस पडतो. डिसेंबर-जानेवारीत तो तासन्‌तास पडतो. पावसाने फारसं बिघडत नाही, पण वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात, आणि नेमक्या त्याच छोट्यांच्या असतात. म्हणून आकाश काळवंडताना दिसलं की रांगेत उभं राहून वाट बघू नका. जवळच्या छताखालच्या प्रयोगाकडे वळा, सगळी गर्दी तिकडे येण्याआधी.

छत्री नको, ती गर्दीत टोचते. प्रत्येकाला पातळ रेनकोट, आणि बाबागाडीला प्लॅस्टिकचं आवरण न्या. राइडमध्ये बसताना बाबागाडी बाहेर सोडावी लागते. पाऊस आला की तिची गादी भिजते, आणि मग झोपेला आलेल्या मुलाला ठेवायला जागा उरत नाही. दांड्याला रंगीत रुमाल किंवा जुनी ओढणी बांधा. दारात भाड्याच्या बाबागाड्या मिळतात, त्या सगळ्या एकसारख्या दिसतात आणि लोक चुकून एकमेकांच्या घेऊन जातात. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी स्वतःची, एका हाताने मिटणारी न्या. पाठ टेकून झोपता येत नसेल तर ती बाबागाडी बिनकामाची.

पाठीवरच्या एका पिशवीत एवढं पुरतं: माणशी अर्ध्या लिटरची बाटली, ओआरएसच्या चार पुड्या, प्रत्येक मुलामागे कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि मोजे, बाळामागे पाच डायपर, टोप्या, एक पातळ पंचा, दोन रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या ओल्या कपड्यांना, आणि नेहमीची औषधं एक दिवसाची जास्त. जहाज चुकलंच तर पासपोर्ट, औषधं आणि कार्ड अंगावर हवीत.

मुलाच्या मनगटावर तुमचा चालू असलेला नंबर देशाच्या कोडसह लिहा, आणि दारातून शिरतानाच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर ‘निळा टी-शर्ट की पिवळा’ हे आई-बाबांनाही आठवत नाही.

जेवण

शाकाहारी असाल तर इजिप्तच्या भागातल्या ओॲसिस स्पाइस कॅफेकडे जा, तिथे भारतीय वळणाचं जेवण मिळतं. इतर ठिकाणी ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर अंडं चालेल असं गृहीत धरतात, आणि नुसत्या भाज्यांच्या नूडल्समध्येही माशाचा किंवा शिंपल्यांचा सॉस असू शकतो. ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ एवढं एका दमात म्हणा. साडेअकराला जेवायला बसा. साडेबाराला बसायला टेबल मिळत नाही. मुलांसाठी साधा पांढरा भात वेगळा मागितला की बहुतेक ठिकाणी मिळतो. सोबत घरून आणलेली मेतकुटाची पुडी असेल तर तेवढ्यावर दोन वर्षांचं मूल पोटभर जेवतं.

परत

तीन वाजता फाटकाकडे चालायला लागा. खेळण्यांचं दुकान बाहेर पडायच्या वाटेवर मुद्दाम मांडलेलं आहे. तिथले पंधरा मिनिटं आणि एक रडारड धरूनच सव्वातीन म्हटलं आहे. काय घ्यायचं आणि किती डॉलरपर्यंत, हे सकाळी मोनोरेलमध्येच ठरवून टाका.

हार्बरफ्रंटला जहाज असेल तर मोनोरेलने व्हिवोसिटीला या. वेळ उरला तर तिथेच तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर घोट्याएवढं पाणी आहे, त्यात मुलं अर्धा तास आनंदाने खेळतात. जहाज डोळ्यांसमोर दिसत असतं, त्यामुळे मोठ्यांचाही जीव टांगणीला लागत नाही.

मरिना बेला जायचं असेल तर टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगा: ‘मरिना बे क्रूझ सेंटर’. नुसतं ‘मरिना बे’ म्हणालात तर तो तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखं दिसणाऱ्या त्या हॉटेलपाशी नेऊन सोडतो. ‘मरिना साउथ पिअर’ म्हणालात तर शेजारच्या छोट्या बोटींच्या धक्क्यावर उतरवतो, आणि तिथून ओल्या बुटांनी चालत यावं लागतं. फोनवर टर्मिनलचा पत्ता उघडून दाखवला तर सगळ्यात उत्तम.

टर्मिनलवर पुन्हा इमिग्रेशन, आणि मग सामानाची क्ष-किरण तपासणी. बाबागाडी मिटून पट्ट्यावर ठेवावी लागते. या वेळी मूल हमखास गाढ झोपलेलं असतं, आणि पट्ट्यापाशी आल्यावर मागे रांग असताना त्याला उचलायचं, गाडी मिटायची आणि पासपोर्ट शोधायचे, हे एकदम जमत नाही. इमारतीच्या दारातच त्याला एकाने खांद्यावर घ्यावं, दुसऱ्याने गाडी रिकामी करून मिटून हातात धरावी, आणि सगळे पासपोर्ट व जहाजाची कार्डं त्या दुसऱ्याच्याच वरच्या खिशात असावीत.